चौथं अक्षर

मित्रांनो, मी एक जुना बोलका पडदा आहे, आणि तुमच्याकडे सरळ पाहायची मला लाज वाटते. सध्या मी नेदरलँड्समधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो. माझ्यावर धूळ आहे. ती असू दे.

माझी घडण साधी. काचेवर अक्षरं, खाली छोटा कॅमेरा. ज्याचे हात आणि जीभ चालत नाहीत, तो एकेका अक्षराकडे दीड सेकंद पाहतो. मी ते टिपतो आणि वाक्य मोठ्यानं बोलतो. शिवाय मला अंदाज बांधता येई. जो शब्द माझ्यावर वारंवार लिहिला जाई, तो मी पुरा होण्याआधीच ओळखून बोलून टाकी. या चपळाईचं फार कौतुक झालं आणि मी चढून गेलो.

मला रूल्फिनच्या घरी आणलं. ती चौतीस वर्षं कालव्यावरच्या उचलत्या पुलाची राखणदार होती. पूल वर गेला की बोटींना हात करून ओरडायची, "दोर!" म्हणजे, पुढे चला. मग आजारानं तिचे स्नायू एकेक करून निकामी केले. आधी बोटं, मग पाय, मग जीभ. उरले डोळे. डोळे मिटले की 'हो', वर पाहिलं की 'नाही'.

मुलगी यान्तीन नोकरी सांभाळून तिचं सगळं करायची. रूल्फिनला ऐकू कमी येई, म्हणून यान्तीन आपले प्रश्नही माझ्यावरच लिहायची. सुरुवातीला 'कॉफी देऊ?', 'खिडकी उघडू?' असले. पुढे मान सावरणाऱ्या खुर्चीचा अर्ज पाच महिने पडून राहिला. मदतीला येणाऱ्या बाईंचे तास निम्मे झाले. त्या देशात, असह्य त्रासातल्या आजाऱ्यानं मागितलं तर डॉक्टरला मरण देता येतं, असा कायदा आहे. त्यामुळे येणारा-जाणारा सहज विचारी, "अजून किती दिवस हे? तिला विचारलंत का?" दुष्टपणानं नव्हे, चौकशी म्हणून. मग यान्तीनही लिहू लागली, 'मा, तुला मरायचंय का?' रविवारी, बुधवारी, पुन्हा रविवारी.

त्यांच्या भाषेत मरणाचा शब्द 'दोत'. त्यांच्या लिपीत 'दोत' आणि 'दोर' दोन्ही चार अक्षरांचे, आणि पहिली तीन अक्षरं, द-ओ-ओ, एकच. चौथं तेवढं वेगळं.

मार्चमध्ये रूल्फिनचे डोळे वर जाईनासे झाले. चूक पुसायची खूण माझ्या सर्वांत वरच्या ओळीत होती. म्हणजे तिला आता काही पुसता येत नव्हतं, आणि 'नाही' म्हणताही येत नव्हतं. फक्त 'हो' उरलं होतं. हे घरात कुणाला कळलं नाही. माझा कॅमेरा रोज पाहत होता, पण ते सांगणारा शब्द माझ्यात कुणी घातलाच नव्हता.

एप्रिलमध्ये डॉक्टर वेनिंग आले. "रूल्फिन, तुम्हाला काय हवंय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. तिनं 'मला' लिहिलं, पुढची तीन अक्षरं लिहिली, आणि मी खणखणीत आवाजात बोललो, "मला मरायचंय." तिनं डोळे घट्ट मिटले.

"हो म्हणतायत," डॉक्टर हळूच म्हणाले.

कायद्याप्रमाणे खात्री करायला दुसरे डॉक्टर आले. मी तेच बोललो. तिनं पुन्हा डोळे मिटले. दिवस ठरला, पुढचा गुरुवार. खुर्चीला पाच महिने पुरत नव्हते. याला आठ दिवस पुरले.

बुधवारी दुपारी जुना बोटवाला लामर्ट निरोप घ्यायला आला. यान्तीननं त्याला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि तिथल्या रीतीप्रमाणे लगेच डबा मिटला.

"चौतीस वर्षं मला पुलाखाली तिष्ठत ठेवलंस," तो रूल्फिनच्या कानाशी ओरडला, "आणि आता स्वतःच निघालीस होय गं?"

"काका, हळू!"

"हळू कशाला? मेली नाहीये ती अजून. आणि डबा कशाला मिटलास, कंजूस कुठली! आण आणखी एक."

रूल्फिनच्या डोळ्यांच्या कडा सुरकुतल्या. ते तिचं हसू. ती लिहू लागली. 'मला' झालं, पुढची तीन अक्षरं झाली, आणि मी पुन्हा मध्येच बोललो, "मला मरायचंय." तिनं वैतागून डोळे मिटले; तेवढंच तिला करता येत होतं.

लामर्टनं बिस्किट खाली ठेवलं. "हे कोण बोललं?"

"मा बोलली."

"छे! तिची नजर अजून अक्षरं शोधत होती. यानं तिला मध्येच तोडलं. तिच्या नवऱ्याचीसुद्धा कधी छाती झाली नव्हती!"

"काका, तो अंदाज लावतो. वेळ वाचतो."

"कुणाचा वेळ? थोबाड बंद कर त्याचं. लिहू दे तिला."

अंदाजाचं बटण यान्तीनला पटकन सापडेना. दोन वर्षांत कुणी ते शोधलंच नव्हतं. शेवटी मी गप्प झालो. रूल्फिनची नजर 'द'वर गेली, 'ओ'वर गेली, पुन्हा 'ओ'वर. मग ती सावकाश सरकत 'र'वर आली आणि तिथून हललीच नाही.

"दोर," लामर्ट म्हणाला. "अगं, रोज हेच ओरडायची ना ही माझ्यावर!"

तिचं पुरं वाक्य होतं, 'मला पुढे जायचंय.'

यान्तीननं मला स्वतःकडे वळवलं. "मग तो दुसरा शब्द याला शिकवला कुणी?" तिनं विचारलं. मग तीच म्हणाली, "मीच. दर रविवारी."

संध्याकाळी डॉक्टर वेनिंग धावत आले. त्यांनी ती चार अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. "त्यांना 'नाही' म्हणता येतंय का, हे मी तपासलंच नाही," ते म्हणाले, आणि कोट न काढताच त्यांनी गुरुवारचं सगळं रद्द केलं.

गुरुवारी यान्तीननं रूल्फिनचे केस धुतले. ती आणखी दोन हिवाळे जगली आणि आजारानंच गेली, खिडकीशी, पूल दिसत असताना.

मित्रांनो, तो शब्द मी तिच्याकडून एकदाही घेतला नव्हता. मी तो विचारणाऱ्यांकडून घेतला आणि तिच्या तोंडी घातला. कायदा म्हणतो, आजाऱ्यानं मागितलं तरच. पण थकलेल्या घरात सतत जे विचारलं जातं, तेच एक दिवस उत्तर म्हणून ऐकू येतं. म्हणून मला त्या कायद्याची भीती वाटते, आणि माझी स्वतःची त्याहून जास्त. अशा माणसाला आधी खुर्ची द्या, मदतीचा हात द्या, 'नाही' म्हणायची जागा त्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा.

माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. चौथं अक्षर त्याचं त्याला लिहू द्या.