कोणतंच वाहन जात नाही

आमच्या नाल्यावर पूल व्हावा म्हणून मी, चंचल, गावची आशाताई, सहा वर्षं अर्ज करते आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी गावातली सुकरी दवाखान्याला निघाली आणि नाल्याच्या काठावरच बाळंत झाली. वरून ताडपत्री मी आणि तिच्या सासूने धरली होती. यंदा ती पुन्हा पोटुशी होती.

माझ्या नवऱ्याचा, विक्कीचा, अर्जांवर विश्वास नाही. त्याचा विश्वास चिमूरच्या शफीभाऊ मिस्त्रींवर. आमच्या पिकअपची पुढची चाकं सुटी-सुटी हलायची, नाल्यातल्या दगडांवर आदळली की खालचं काहीतरी वाकायचं. शफीभाऊंनी ते सगळं काढलं आणि जुन्या जीपचा सॉलिड एक्सल बसवला. आता दोन्ही चाकांमध्ये एकच जाडजूड लोखंड, आणि पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर.

"आता हे गाडी नाल्यात अडकत नाई, बाई. लिहून देतो," शफीभाऊ म्हणाले.

गाडी हातभर उंच झाली. मला चढायला स्टूल लागू लागलं. विक्की त्या एक्सलचं जेवढं कौतुक करायचा, तेवढं त्याने लग्नातसुद्धा माझं केलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पाहणीला इंजिनियर साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी मी विक्कीला बजावलं, "उद्या गाडी नोका काढू."

"मले का समजत नाई का?" तो म्हणाला.

साहेब पलीकडच्या काठावर जीपमधून उतरले. पाणी मांडीपर्यंत होतं. आम्ही बाया डोक्यावर गाठोडी घेऊन पाण्यातून त्यांच्याकडे गेलो, त्यांनी पाहावं म्हणूनच. विक्कीही आला, चपला हातात घेऊन, अगदी शहाण्यासारखा. मी सुकरीची हकीकत सांगितली. साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी पेन काढलं.

"मी स्पष्टच लिहितो," ते म्हणाले. "या नाल्यातून कोणतंच वाहन जाऊ शकत नाही."

माझे डोळे भरून आले.

"कोणतंच?" विक्कीने विचारलं.

मी त्याच्या बाहीला धरलं. त्याने बाही सोडवली आणि पाणी तुडवत घराकडे पळाला. दहा मिनिटांत पिकअप घरघरत नाल्यात उतरली आणि न अडखळता आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "बसा साहेब," विक्की म्हणाला. साहेबांना त्याने नाला दोनदा पार करून दाखवला. दुसऱ्या वेळी साहेब मोबाइलवर व्हिडिओ काढत होते.

महिन्याने पत्र आलं. 'सदर नाला पिकअप वाहनातून प्रत्यक्ष ओलांडून पाहिला. वाहतूक सुरळीत आहे. सबब पुलाची आवश्यकता नाही.' खाली गाडीचा नंबर. मला रडू आलं. विक्कीने त्या पत्राचं लॅमिनेशन केलं आणि ते गाडीच्या पुढच्या काचेच्या आत लावलं, शफीभाऊंनाही एक प्रत दिली.

परवा संध्याकाळी सुकरीच्या पोटात दुखू लागलं. विक्की लगेच गाडी घेऊन आला, त्याबाबतीत तो वाईट नाही. स्टूल ठेवलं. आम्ही चौघींनी तिला उचलून पाहिलं, दोनदा. तिने वर सीटकडे पाहिलं, काचेतल्या त्या पत्राकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "मी पाण्यातूनच येतो."

तिचा एक हात मी धरला, दुसरा सासूने. विक्की आमच्यामागून गाडी हळूहळू चालवत होता, हेडलाइट लावून.