गालावरून गालात

मी सोमलिंगच्या गालावरची कातडी बोलतेय. हो, गालावरचीच. आता गालाच्या आत राहते म्हणून माझं मूळ ठिकाण बदलत नाही.

नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, हसताना जिथं वळी पडते, तिथं माझा जन्म. घाटनांदूरच्या त्याच्या किराणा दुकानाच्या दारात ऊन, धूळ, मिरचीचा खकाणा सगळं मी सोसलं. लग्नातली हळद मला लागली. दाढी झाली की तो माझ्यावरून हात फिरवून मिशीला पीळ द्यायचा, आणि मी रुबाबात चमकायचे.

माझ्याच पाठीमागं, गालाच्या आतल्या मऊ अस्तरात, तो चुना लावलेली तंबाखू धरायचा. शेजारचा दुकानदार हरिओम मळायचा, हा बार भरायचा. पुढे केलेली चिमूट नाकारणं म्हणजे दोस्ती तोडणं, असा त्यांचा कायदा. अस्तर पांढरं पडलं, मग चिघळलं. "तोंड आलंय" म्हणत हा तूप लावत बसला. मला अजून राग येतो. शेवटी बायकोनं, जगदेवीनं, हाताला धरून दवाखान्यात नेलं. कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी नासलेलं अस्तर कापून काढलं. आत भगदाड पडलं. ते तसंच आक्रसलं असतं तर तोंड उघडलं नसतं, भाकरीचा घास गेला नसता. म्हणून त्यांनी मला सोडवलं, रक्त मिळावं म्हणून एका बाजूनं देठासारखं जोडलेलं ठेवलं, आणि गालातून वाट काढून आत शिवलं. मला कुणी विचारलं नाही. पण मी मेले नाही. अंधारात, लाळेत, धरून राहिले.

आणि दाढी सोडली नाही! आतही केस उगवले. जिभेला टोचले की सोमलिंग वैतागायचा. जगदेवी म्हणायची, "भाकर खाता येतीय न्हवं? मग टोचू द्या."

एका दुपारी हरिओम तळहातावर तंबाखू मळत दुकानात आला. "घे बे. आतला गाल नाजूक व्हता म्हणून नासला. आता तितं बाहीरली कातडी हाय, उन्हात रापलेली. तिला काय व्हतंय?"

उन्हानं रापले म्हणून मी काय विष पचवते? पण सोमलिंगला पटलं. त्यानं चिमूट उचलली. तोंडात राहूनही मला तोंड नाही, ओरडणार कशी? केस तेवढे होते. चिमूट ठेवायच्या आधी त्यानं जिभेनं जागा चाचपली, आणि माझे खुंट तिला टोचले.

तो थांबला. दुसरा हात बाहेरच्या गालावर गेला. तिथंही तसेच खुंट होते.

"कावून थांबला बे?"

"हरिओम, ह्यो माझा चेहरा हाय, आत ठिवलेला. सोताच्या तोंडावर थुकू का मी?"

त्यानं चिमूट हरिओमच्या तळहातावर परत ठेवली. दोस्ती काही तुटली नाही. हरिओमनं चहा मागवला, आणि चहा झाल्यावर ती चिमूट स्वतःच्या गालात भरली.

परवा तपासणीत डॉक्टर म्हणाले, "हे केस काढून टाकू."

"ऱ्हाऊ द्या सायेब," सोमलिंग म्हणाला. "राखणीला हायेत."

तेव्हा मी इथंच आहे आणि टोचणार आहे. हरिओम, तुझ्याही गालावर माझी एक बहीण आहे. तिला उन्हातच राहू दे.