ब्रुनोनची उघडी वाळू

“म्हणजे मी लावलेलं गवत आता मीच उपटायचं?” ब्रुनोन नेत्सेलने विचारलं. कोळी-किड्यांचा अभ्यास करणाऱ्या युस्तिनाबाई हो म्हणाल्या, तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली. आमच्या गावात माणूस टोपी काढतो ती चर्चमध्ये, नाहीतर शवपेटीपुढे.

बाल्टिक समुद्राच्या काठावर एकतीस वर्षं ब्रुनोनने वाळूच्या टेकड्या जागच्या जागी बसवल्या होत्या. त्याच्या आजोबांचं धान्याचं कोठार याच वाळूने गिळलं होतं, त्यामुळे ही नुसती नोकरी नव्हती, वैर होतं. फावड्याने खळगा, खळग्यात गवताचा जुडगा, वर पाइनच्या फांद्या. आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं होतं, “उघडी वाळू म्हणजे उघडं ढुंगण. दिसलं की झाकायचं.”

बाईंचं म्हणणं असं की मसुराएवढा, वाळूच्याच रंगाचा एक उड्या मारणारा कोळी फक्त उघड्या, हलत्या वाळूत जगतो. ब्रुनोनच्या कृपेने आता तो चर्चच्या फरशीएवढ्या एकाच तुकड्यावर उरला होता, आणि तिथेही गवत शिरत होतं.

ब्रुनोन उपटायला लागला. हळूहळू वाळूवर पालथा पडून त्या किड्याकडे तासन्‌तास बघायलाही लागला. एवढं निरखून त्याने आपल्याकडे लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं, असं त्याची बायको क्लारा म्हणे. बाईंना तो म्हणाला, “तो वळून आपल्याकडे बघतो हो. माझं काम वळून बघणारा हा पहिलाच.”

तिथे पाटी लावू या, असं बाई सुचवत होत्या. ब्रुनोनने हात जोडून नको म्हटलं, लोक हसतील. गावात विचारलं की वारा बघायला जातो म्हणून सांगे.

फेब्रुवारीत त्याचं हृदय बिघडलं आणि त्याला शहरातल्या इस्पितळात दोन महिने ठेवलं. मार्चमध्ये आमच्या अग्निशामक पथकाचा म्होरक्या अलॉयझी कोंकेल टेकड्यांवर गेला, तर एक अख्खा तुकडा उघडा. बिचाऱ्याकडून होईनासं झालं, पण बोलला नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून चाळीस माणसं फावडी घेऊन गेली. फांद्या मीही वाहिल्या. थंडीभर ते कोळी वाळूत स्वतःला पुरून घेतात, हे आम्हाला कोण सांगणार?

एप्रिलमध्ये ब्रुनोन घरी आला. अलॉयझीने त्याला दंडाला धरून तिथे नेलं. मागे आम्ही सगळे, आणि त्याला भेटायला आलेल्या बाईही.

“बघ, तुझ्यासारखंच केलंय. एक खळगा चुकला असेल तर माझे कान उपट.”

ब्रुनोनने वाकून एक जुडगा चाचपला. मग म्हणाला, “रांगा सरळ आल्यात.” आणि त्याने चाळीसही जणांशी एकेक करून हात मिळवले. आम्हाला वाटलं, गहिवरला.

लोक पांगल्यावर बाईंनी गुडघ्यांवर बसून वाळू चाळायला घेतली. चार दिवस चाळली. फावड्याने चिरलेली दोन रेशमी घरटी मिळाली, बाकी काही नाही. हे सगळं बाईंनी मला फार उशिरा सांगितलं. अहवालात गवत कोणी लावलं ते लिहावं लागतं, म्हणून त्यांनी ब्रुनोनला नावं विचारली.

“माझं लिहा,” तो म्हणाला.

त्या दिवशी समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. वाळूचा कण हलला नाही.