एकवीस घरांचा डबा

मी गोळ्यांचा डबा बोलतोय. बाजारात मिळते ती प्लॅस्टिकची डबी मी नव्हे. मी लाकडाचा आहे, एकवीस घरांचा, आणि मला एका सुताराने स्वतःच्या औषधांसाठी घडवलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि माझा जन्म झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. हातात दोन जाड सुया खुपसून चार-चार तास पडून राहायचं, अंगातलं रक्त यंत्रातून धुऊन परत घ्यायचं. आणि घरी आल्यावर गोळ्या. सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, पाकिटांचा नुसता बाजार मांडलेला. केसभर फट राहिली म्हणून लावलेला दरवाजा पुन्हा उतरवणारा हा माणूस. त्याला असला पसारा कसा खपावा?

एका कपाटाच्या दारातून उरलेली फळी त्यांनी काढली. आडव्या तीन रांगा आखल्या: सकाळ, दुपार, रात्र. उभी सात घरं, सात वारांची. तेव्हा सकाळी सहा गोळ्या असत, म्हणून ती रांग पटाशीने खोल कोरली. दुपारी एक आणि रात्री दोन, त्यामुळे त्या दोन्ही रांगा उथळ ठेवल्या. प्रत्येक रांगेला सरकतं झाकण बसवलं. मला पॉलिश करून त्यांनी खिडकीत वाळायला ठेवलं तेव्हा त्यांची बायको हसली.

"अहो, गोळ्यांना बंगला बांधलात की!"

"बांधायलाच हवा," मिस्त्री म्हणाले. "आता त्यांच्याच जिवावर जगायचंय."

त्या घरात तिसरं माणूस नेहमी येई ते म्हणजे त्यांची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी सगळे तिला छोटीच म्हणत. एका दुपारी जेवताना तिने हातातला घास तसाच ठेवला आणि म्हणाली, "दादा, माझी एक किडनी घे. मला दोन कशाला हव्यात?" जणू कपाटातली जास्तीची चादर देत होती. मिस्त्री तिच्यावर ओरडले, वहिनीने डोळ्यांना पदर लावला. छोटीने मात्र हट्ट सोडला नाही. तपासण्या झाल्या आणि तिचं रक्त त्यांच्याशी जुळलं.

डॉक्टरांनी ऑपरेशनला सहा महिन्यांनंतरची वेळ दिली आणि तोवर दोन गोष्टी सांभाळायला सांगितल्या. एक म्हणजे रक्तातला फॉस्फरस. बिघडलेल्या मूत्रपिंडाला तो बाहेर टाकता येत नाही, मग तो साठतो आणि हाडं पोखरतो. दुसरं हिमोग्लोबिन. "ते फार उतरलं तर बाहेरचं रक्त चढवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि बाहेरचं रक्त घेतलं की शरीर कधीकधी परक्या अवयवाशी वैर धरतं. मग आज जुळलेली किडनी उद्या चालत नाही. म्हणून जपा."

मिस्त्रींनी मान हलवली. जपणं हा तर त्यांचा धंदाच होता.

आणि मग त्या मोठ्या गोळ्या आल्या. फॉस्फरससाठीच्या, खडूसारख्या पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या. डायलिसिस चालू असताना तिथल्या नर्सबाई त्या कशा घ्यायच्या ते सांगत होत्या, पण नेमकं तेव्हा मिस्त्रींचं बीपी खाली गेलं होतं आणि कान सुन्न झाले होते. त्यांनी आपली मान डोलावली. घरी आणलेल्या कागदावर आकडे होते, २-२-२. आकडे त्यांना बरोबर कळत.

ते मला उघडून बसले. सकाळच्या घरात दोन टाकल्या, व्यवस्थित मावल्या. दुपारच्या घरात टाकल्या तर झाकण सरकेना. आडव्या ठेवून पाहिल्या, तिरक्या ठेवून पाहिल्या. रात्रीच्या रांगेतही तेच. झाकण अर्धवट उघडं ठेवणं त्यांच्या हातून झालं नसतं. दुसरा डबा करायचा तर रंधा दोनदा फिरवला की धाप लागायची. शेवटी त्यांनी सहाच्या सहा गोळ्या सकाळच्या घरात भरल्या.

"दिवसाच्या सहा ना?" ते बायकोला म्हणाले. "मग सहा. पोटात गेल्याशी मतलब."

मला तर बरंच वाटलं. माझी खोल रांग गच्च भरली, झाकणं घट्ट बसली. मी किती कामाचा आहे याचा मला गर्व झाला, तो आज आठवला की लाज वाटते.

रोज पहाटे चहाच्याही आधी, उपाशीपोटी, मोजक्या दोन घोट पाण्याबरोबर ते त्या सगळ्या गिळत. डायलिसिसच्या माणसाला पाणीही बेताने प्यावं लागतं. रक्तवाढीची लोहाची गोळीही त्याच घरात होती, तीही त्याच लोंढ्यात जाई. एक दिवस चुकला नाही. मी शपथेवर सांगतो, एक दिवस नाही.

महिन्याने रिपोर्ट आला. फॉस्फरस वाढलेला.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग बाहेर काही खाता का? दूध, सुकामेवा, शेंगदाणे?"

"नाही हो."

डॉक्टर 'बरं' म्हणाले. पण ते 'बरं' कसलं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरी आल्यावर बायकोने त्यांच्या हत्यारांची पिशवी उपसली. मग शर्टाचे खिसे. काही सापडलं नाही, तरी तिचा संशय गेला नाही.

"माझ्या गळ्याची शपथ घ्या," ती म्हणाली. "कामावर देखरेखीला जाता तिथे कोण काय देतं तुम्हाला? छोटी आपलं पोट फाडून घ्यायला निघालीये आणि तुम्हाला जिभेवर ताबा ठेवता येत नाही?"

मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्यांच्यावर लबाडीचा आळ आयुष्यात कुणी घेतला नव्हता, तो आता बायकोनेच घेतला.

पुढच्या महिन्यात फॉस्फरस आणखी चढला. गोळ्या सहाच्या नऊ झाल्या, त्याही माझ्या खोल घरात कोंबल्या गेल्या. मिस्त्रींच्या अंगाला खाज सुटली. नखांनी भागेना तेव्हा ते लाकडी फूटपट्टीच्या कडेने पाठ खाजवत, रक्त येईपर्यंत. गुडघे, टाचा, मनगटं ठणकत. चेहरा पिवळट पडला, ओठांचा रंग गेला. रक्तवाढीचं इंजेक्शन दर आठवड्याला मिळत होतं, पण ते लागू पडेना. फॉस्फरस असा चढलेला असला की ते इंजेक्शनही हात टेकतं, हे मला पुढे कळलं. जिन्याच्या सात पायऱ्यांवर ते दोनदा बसत. आणि तरीही पहाटे उठून माझं झाकण सरकवत आणि मोजून नऊ गोळ्या गिळत.

चौथ्या महिन्यात, एका सकाळी, ते कामाच्या बाकाशेजारी कोसळले. हिमोग्लोबिन साडेचारवर आलं होतं. रक्त चढवण्यावाचून इलाज नव्हता. दोन बाटल्या चढवल्या आणि जीव वाचला. छोटी उशाशी बसून होती. "दोनच महिने राहिलेत दादा," ती म्हणत होती, "तेवढे ढकल."

काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. जे आधी जुळत होतं, ते आता जुळेना. मिस्त्रींच्या रक्ताने छोटीच्या रक्ताशी वैर धरलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, पण छोटीच्या कानात एकच शब्द शिरला. जुळत नाही. ती तिथेच खुर्चीत रडायला लागली.

"माझंच रक्त नडलं ना?" ती म्हणाली. "वहिनी, माझंच नडलं."

"नाही हो वन्सं," वहिनी म्हणाली.

त्यानंतरच्या डायलिसिसला नर्सबाई म्हणाल्या, "मिस्त्री, पुढच्या वेळी गोळ्या घेऊन या घरून. तुम्ही घेता तशाच मला दाखवा." हे आधी कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी किती घेता हे विचारलं होतं.

मिस्त्री मला रुमालात बांधून घेऊन गेले. नर्सबाईंनी झाकण सरकवलं. सकाळच्या घरात दाटीवाटीने नऊ पांढऱ्या गोळ्या. दुपारचं झाकण सरकवलं, तिथे एकटी एक बारकी गोळी.

"या मोठ्या सगळ्या सकाळी?"

"हो. उपाशीपोटी. चुकवत नाही."

नर्सबाई खाली बसल्या. "मिस्त्री, या गोळ्या जेवणातल्या फॉस्फरसला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. घासाबरोबर घ्यायच्या असतात. पोटात अन्नच नसेल तर त्या धरणार काय?" मग त्यांनी लोहाची गोळी बोटाने बाजूला काढली. "आणि ही यांच्याबरोबर घेतली की अंगी लागत नाही."

मिस्त्रींनी ती गोळी हातात घेतली. यंत्र चालू होतं, नळीतून रक्त फिरत होतं.

"म्हणजे रक्त चढवावं लागलं ते..."

"रक्त उतरायला कारणं पुष्कळ असतात," नर्सबाई पटकन म्हणाल्या. "खात्रीने नाही सांगता येत." पण त्यांनी मान वर केली नाही. मला कळलं, मिस्त्रींनाही कळलं.

"घरी सांगू नका," ते म्हणाले. "मीच सांगतो."

त्या दिवसापासून गोळ्या ताटाशेजारी बशीत आल्या. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी वेळ बदलली. फॉस्फरस दोन महिन्यांत उतरला, खाज गेली, ओठांवर थोडा रंग आला. बायको म्हणाली, "बघा, तोंड सांभाळलं की कसं होतं!" मिस्त्रींनी तेही ऐकून घेतलं.

छोटी दर रविवारी येई. पूर्वी भांडायची, आता अपराधी चेहऱ्याने भावाचे पाय चेपत बसायची. मिस्त्री मला मांडीवर घेत, झाकण सरकवत, "छोटे..." म्हणत. "काय दादा?" ती विचारी. "काही नाही, चहा घे," म्हणून झाकण पुन्हा लावत. असं किती रविवार चाललं ते मी मोजलं नाही. तीस वर्षं ज्याचं माप चुकलं नाही, त्याला ते एक चुकलेलं माप बहिणीपुढे कबूल करणं जिवावर येत होतं. मी त्यांना भित्रा म्हणणार नाही. पण मला त्यांचा राग येतो. अजूनही येतो.

पुढच्या वर्षी डायलिसिस चालू असतानाच त्यांचं हृदय थांबलं. सांगायचं ते राहूनच गेलं.

दिवस झाल्यावर वहिनीने विचारलं, "वन्सं, दादांची आठवण म्हणून काय हवं?" छोटीने मला मागितलं.

आता मी तिच्या कपाटात असतो. माझ्या घरांत बटणं आणि सुया आहेत. लाकूड चांगलं आहे, झाकणं अजून आवाज न करता सरकतात. घरी कुणी आलं की ती मला बाहेर काढते, पदराने पुसते आणि सांगते, "दादाने स्वतः केलेला. कसा सुरेख आहे बघा. मी त्याला किडनी देणार होते, सगळं ठरलं होतं. पण माझं रक्तच नडलं." मग ती खोल रांगेवरून बोट फिरवते. ती इतकी खोल का, हे तिला ठाऊक नाही.

तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर गोळ्या किती घेता एवढंच विचारू नका. केव्हा घेता, कशाबरोबर घेता, हेही समोर बसून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी या बाईच्या घरी गेलंच, तर माझं एक काम करा. मला तोंड नाही. तिला सांगा, तुझं रक्त चांगलं होतं.