दुसरा अदार

एलोझ नवगावकर हिंगोली स्टेशनवर तारबाबू होता. मूळचा कोकणातला बेने इस्राएल. इकडे आसपास जातीचं एकही घर नव्हतं, म्हणून यहुदी महिन्यांचा हिशेब तोच सांगे आणि बायको मलका मुकाट मानी.

महायुद्धाच्या काळात एका साली, ऐन फाल्गुनात, तो म्हणाला, "निसान लागला. देवानं आपल्या लोकांना गुलामीतून सोडवलं, तो महिना. आता बाहेरचं अन्न घरात नको."

मलका चाचरत म्हणाली, "मागल्या साली होळीला पुरीमचा सण होता ना? तो तर निसानच्या आधल्या महिन्यात येतो."

"मला शिकवू नकोस."

होळीला शेजारची चतुराबाई, रेल्वेतल्या सांधेवाल्या ग्यानबाची बायको, पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आली. मलकेनं तिचं बाळंतपण निभावलं होतं, तेव्हापासून ती तिला बहीण मानी. एलोझ दारात आडवा उभा राहिला.

"आमचा पवित्र महिना आहे. असलं आमच्यात चालत नाही."

चतुराबाईनं ताटावर पदर ओढला आणि साऱ्या क्वार्टरांच्या देखत माघारी गेली.

आठवड्याभरात मलकेचे शलोममामा अलिबागेहून आले. तिकडे प्रार्थना तेच चालवीत. घरातलं सोवळंओवळं पाहून ते चकित झाले.

"एलोझा, यंदा निसानच्या आधी अदार दोन आहेत, आत्ता दुसरा चालू आहे. इथल्या लोकांचा धोंड्याचा महिना येतो ना, तसाच. निसानला अवकाश आहे अजून. अदार म्हणजे आनंद वाढवायचा महिना. पुरीम यंदाही होळीलाच होता; त्या दिवशी एकमेकांकडे ताटं पाठवायची. आपल्या म्हाताऱ्या तर त्याला होळीचा सणच म्हणायच्या."

मलका खाली मान घालून म्हणाली, "ताट आलं होतं, मामा."

  एलोझ तसाच उठून शेजारी गेला. चतुराबाई तूर पाखडत होती.

"बाई, महिन्याचा माझा हिशेब चुकला."

"हिशेब चुकतो, बाबू. आमीबी जोश्याला इचारतो." तिचं सूप थांबलं. "पर तुमी 'असलं' म्हनले. ते काहून?"

त्या शब्दाचा दोष कुठल्याच महिन्यावर टाकता येत नव्हता. तो म्हणाला, "चुकलो मी."

"व्हय," ती म्हणाली. बसा मात्र म्हणाली नाही.

पुढं चतुराबाई मलकेकडे येऊ लागली, पण एलोझ कामावर असतानाच. कधी तो लवकर परतला आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं, तर चपलाही न काढता मागं वळे आणि ती जाईपर्यंत फलाटावर बसून राही.