टिचकी

बाजारात माठ टिचकी मारून घेतात. यज्ञेश्वर सर विद्यार्थ्यांच्या चकत्याही तशाच घ्यायचे. अंगठी घातलेल्या बोटाने टिचकी. खणखणीत वाजली तर पास, बद्द वाजली तर कचऱ्यात. पीएचडीच्या गाईडने असं करावं का? पण नगरच्या त्या कॉलेजात त्यांना सांगणार कोण!

चकती सिरॅमिकची, फ्युएल सेलमधली. एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा; मधून ऑक्सिजनचे आयन तेवढे जाऊ द्यायचे, वायू नाही. चकती जितकी पातळ तितकी वीज जास्त, पण पातळ चकती भट्टीत वाकते. तिसगावच्या मोनिकाने त्यावर तोड काढली. भाकरीखाली पीठ भुरभुरतात तशी तिने चकतीखाली त्याच सिरॅमिकची पूड भुरभुरली, वर सपाट वजन ठेवलं आणि भट्टी अगदी हळू तापवली. नखासारखी पातळ, सपाट चकती निघाली. वर शाई टाकली, तर खाली ठिपकाही उतरला नाही; म्हणजे कुठे बारीक भोकही नाही. पोरगी आनंदाने रडली.

त्याच दुपारी पुण्याच्या कंपनीची माणसं येणार होती. ज्याची चकती त्यांना दाखवायची, त्याचीच फेलोशिप वाढणार होती. दुसरा उमेदवार धवल. त्याची चकती चांगली जाडजूड होती.

सरांनी आधी धवलची वाजवली. खणखणीत. मग मोनिकाची उचलली.

"सर, नको! लई पातळ हाय!" घाईत तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"लई?" सर धवलकडे बघून हसले. "जी माझं बोट सोसत नाही, ती सेलमधली आठशे डिग्री काय सोसणार?"

टिचकी बसली आणि चकतीचे तुकडे झाले. मोनिका खाली बसून ते वेचू लागली.

"झाडू आहे ना," सर म्हणाले.

कंपनीच्या लोकांनी धवलची चकती पाहिली आणि आणखी पातळ करायला सांगितली. फेलोशिप धवलचीच वाढली. सरांनी मोनिकाला बोलावलं.

"जायच्या आधी धवलला तुझी पद्धत शिकव. प्रबंधावर माझी सही लागणार आहे ना?"

तिने शिकवलं. पूड किती, वजन केवढं, सगळं. शिकवताना तिचा जीव जळत होता.

सहीसाठी ती पुन्हा आली, त्या दिवशी धवलची पातळ चकती भट्टीतून निघाली होती. सरांनी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली, मऊ चिमट्याने चकती अलगद उचलून उजेडात धरली.

"बघ मोनिका," ते म्हणाले, "एवढ्या पातळ चकतीला टिचकी मारायची नसते."