कोण काय वाचतंय ते सांगणारा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, आजवर माझ्यावर दुसऱ्यांनीच लिहिलं. स्वतःबद्दल काही सांगायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे ते नीट जमेल की नाही याची मला शंकाच आहे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म शहापूरचा. धोंडी सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवलं. फळ्यांच्या सांध्यात फट राहू नये म्हणून त्याने इतका रंधा मारला की त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरं, नायतर फळाच उरायचा नाय." मग काळा रंग चढला आणि बैलगाडीतून मी आसनगावजवळच्या एका शाळेत गेलो. तिथे मी एकोणतीस वर्षं काढली. पाढे, नकाशे, शुद्धलेखन, उद्याची सुट्टी, सगळं माझ्यावर लिहिलं गेलं. दर शनिवारी मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि भोपळ्याच्या पानांचा रस एकत्र करून मला घासायची. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "फळा असावा तर असा." त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. हे सांगताना संकोच वाटतो, पण खरं आहे ते सांगायला हवं.

पुढे पांढरा फळा आला, त्यानंतर भिंतीवर पडदा आला. मला जिन्याखाली ठेवलं. सात वर्षं माझ्या अंगाला सायकली टेकलेल्या होत्या. एका कोपऱ्यात वाळवी लागली. कुणाचा दोष नव्हता. माझं काम संपलं होतं, इतकंच.

तिथून मला महिपतकाकांनी आणलं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वैशाखऱ्यात, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका लहान खोलीत वाचनालय सुरू केलं होतं. त्यांची पुतणी त्या शाळेत शिक्षिका होती. तिने शब्द टाकला आणि मी टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर आडवा पडून टेम्पोतून मुरबाडमार्गे इकडे आलो. काकांनी माझा वाळवी लागलेला कोपरा कापला, नवी पट्टी ठोकली, रंग दिला आणि मला वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याखाली टांगलं. समोरच एसटीचा थांबा. गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला माझ्याकडे बघण्यावाचून दुसरं काम नसे.

काका अबोल माणूस. समोरच्याशी दोन वाक्यं बोलायची तरी आधी मनात जुळवायचे. सुरुवातीला ते माझ्यावर रोज एक सुविचार लिहीत. कुणी वाचत नसे. थांब्याशेजारी काकड्या आणि रानभाज्या विकायला बसणारी बाईजा ही गावातली वयाने मोठी बाई. तिला अक्षरं जेमतेम लागत. तिने एक दिवस विचारलं,

"महिपता, ह्ये रोज काय लिवतो रं?"

"सुविचार आहे, बाईजाआत्या. खरं बोलावं, असा."

"ते आमाला ठाव नाय व्हय? तू दिसभर आत बसून काय वाचतो ते लिव की. निदान कळंल तरी, म्हातारा आत करतो काय."

काकांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सुविचार पुसला आणि लिहिलं: 'महिपत. सध्या वाचतो आहे: विहिरी खणणाऱ्या माणसांच्या आठवणी. पान ४१. चांगले वाटते आहे, पण खात्री नाही.'

मित्रांनो, त्या दिवशी थांब्यावर मुरबाडची गाडी आली तरी दोघेजण माझ्यासमोरच उभे राहून भांडत होते. विहिरीला पाणी कुठे लागतं हे पुस्तकात लिहिता येतं का, यावर भांडण. एकाची गाडी चुकली. दुसऱ्याने ते पुस्तक मागून नेलं.

तेव्हापासून रीत पडली. जो पुस्तक नेईल त्याने माझ्यावर आपलं नाव लिहायचं, पुस्तक कशाबद्दल आहे ते लिहायचं, आणि कुठवर आलो ते पान. खाली जमलं तर एक ओळ. पान रोज बदलायचं. पुस्तक संपलं की ओळ तशीच राहू द्यायची; ते पुस्तक पुढे जो नेईल त्याने ओल्या फडक्याने ती पुसून आपली लिहायची.

त्या पानांच्या आकड्यांनी मोठी मजा आणली. अनिल मुरबाडच्या कारखान्यात कामाला. त्याने हौसेने जाडजूड इतिहासाचं पुस्तक नेलं आणि तो पान बारावर बसला. रोज सकाळी थांब्यावर बाईजा त्याचं स्वागत करायची.

"काय रं अनिल, बाराव्या पानावर घर बांधलंस का?"

"टाइमच नाय भेटत, आत्या."

"मंग पान तरी खोटं लिव. लोकं बगत्यात."

पण खोटं पान कुणी लिहीत नसे. मी बघत होतो ना.

आता माझ्या हातून जे घडलं ते सांगतो. हात मला नाहीत हे खरं, पण लिहिलं गेलं माझ्यावरच.

दामिनी ही गावातल्या कान्हाची मुलगी, पदवी झालेली. सरकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करत होती. घरी गुरं, वाल, भेंडी, धाकटी भावंडं, म्हणून कान्हाने तिला रोज दुपारी वाचनालयात बसायची मोकळीक दिली होती. स्वतः तिच्या वाटणीचं शेतातलं काम करायचा. त्या एका परीक्षेवर त्या घराचा जीव टांगलेला होता. दामिनी तीन तास अभ्यास करायची, आणि मग जायच्या आधी अर्धा तास एक सहाशे पानांची कादंबरी वाचायची. एका मालवाहू बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईची गोष्ट होती. ती पुस्तक घरी नेत नसे आणि माझ्यावर कधी लिहीत नसे. काकांना वाटलं, पोर लाजते. ते स्वतः लाजरे, त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

एका शुक्रवारी ती निघताना त्यांना म्हणाली, "काका, तीनशे बारा पानं झाली. केवढं वादळ आलंय, पण त्या बाईने चूल विझू दिली नाही बघा." काका इतके खूश झाले की ती वळणाआड गेल्यावर त्यांनी आपणहून माझ्यावर लिहिलं: 'दामिनी. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईची कादंबरी. पान ३१२. वादळ आले तरी तिने चूल विझू दिली नाही.' अक्षर किती सुंदर काढलं होतं.

दुसरा दिवस बाजाराचा. थांब्यावर निम्मं गाव. दुपारी कान्हा तरातरा आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने ती ओळ वाचली आणि दारातूनच म्हणाला,

"काका, तीनशे बारा पानं? मी उनातान्हात भेंडी तोडतो, पोरगी साहेब व्हईल म्हणून. आन ही हितं बोटीत बसून फिरते?"

काका उभे राहिले.

"परीक्षेला तीन आठवडं ऱ्हायलं. लोकं इचारत्यात मला, कान्हा, पोरगी कादंबरीची परीक्षा देणार हाय का. उद्यापासून नाय येणार ती. घरात बसून करंल अभ्यास."

तो गेला. घरी अभ्यास कसा होणार होता हे त्यालाही माहीत होतं, पण बोलून झालं होतं. काकांनी मला संपूर्ण पुसलं. दामिनीचं नाव, अनिलचं पान बारा, स्वतःचंही. मग मला खिळ्यावरून उतरवून तोंड भिंतीकडे करून ठेवलं. जिन्याखाली सात वर्षं मी काढली होती, पण हे चार दिवस जास्त जड गेले. तिथे माझं काम संपलं होतं. इथे माझ्यामुळे एका मुलीचं नुकसान झालं होतं.

मला फक्त ऐकू येत होतं. बाईजा विचारत होती, "फळा रुसला का तू?"

"चूक माझी झाली, आत्या. मी तिला विचारलं नाही."

"मंग जा न कान्हाकडं. सांग तसं."

"दोनदा गेलो. ओढ्यापर्यंत जातो आणि काय बोलायचं तेच विसरतो."

"बोलाया येत नाय तर लिव. लिवता तर येतं न तुला?"

पाचव्या दिवशी सकाळी मी पुन्हा खिळ्यावर चढलो. त्यांनी लिहिलं: 'दामिनीचे नाव मी तिला न विचारता येथे लिहिले. चूक सर्वस्वी माझी. ती रोज तीन तास अभ्यास करत असे, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. कादंबरी त्यानंतर अर्धा तास. कान्हा यांनी तिला पुन्हा वाचनालयात पाठवावे, ही विनंती. महिपत.'

थोड्या वेळाने कान्हा मुरबाडला जायला भेंडीची गोणी घेऊन आला. त्याने एकेक शब्द जोडत सगळं वाचलं. मग डोक्याला हात लावला.

"काका, आधी लोकांना निस्तं ती कादंबरी वाचते येवढंच ठाव होतं. आता मी तिला घरात बसवलीय ते पन ठाव झालं."

काका फडकं घेऊन धावलेच. "पुसतो, आत्ता पुसतो."

"ऱ्हावू द्या. आता पुसून काय व्हतंय." तो गोणीवर बसला. "तीन तास, खरं?"

"खरं. मी समोरच असतो."

"मला नाय बोलली कधी."

"तू इचारलास का तिला?" टोपलीमागून बाईजा म्हणाली. "तू नाय इचारलास, ह्यानं नाय इचारलं. दोगं पन शाणे."

गाडीला वेळ होता. मग कान्हा हळू आवाजात म्हणाला, "घरात तिची आय माज्याशी धड बोलत नाय. दोगी सांजच्याला वाल सोलाया बसायच्या, तवा ही तिला त्या बोटीवरल्या बाईची गोष्ट सांगायची. जेवढी वाचली तेवढी. आता पोरगी गप, आय गप. ती बोट तशीच वादळात."

काकांचा चेहरा उजळला. "मग पुढे काय होतं ते मी सांगतो! मी ते पुस्तक दोनदा वाचलंय."

"मी पन तेच बोल्लो. काकांना इचारून येतो. तर बायको बोल्ली, काका नकोत. पोरीच्या तोंडून पायजे."

बाईजा इतकी हसली की तिच्या काकड्या घरंगळल्या. काकाही हसले. शेवटी कान्हाला हसू आलंच.

"उद्यापासून येईल ती," तो म्हणाला. "पन निस्ता अभ्यास. परीक्षा होईस्तवर ते पुस्तक कपाटात ठेवा. आन कोनाला देऊ नका."

अनिल मागेच उभा होता. पुसली जाण्याआधी दामिनीची ती ओळ त्यानेही वाचली होती. "काका, मला पायजे होतं ते."

"तू आदी बाराव्या पानावरून ऊठ," बाईजा म्हणाली, आणि गाडी आली.

दामिनी दुसऱ्या दिवसापासून आली. येताना माझ्याकडे बघितलं नाही, जाताना एकदा बघितलं. परीक्षेला ठाण्याला जाऊन आली. पेपर कसा गेला असं थांब्यावर शंभर जणांनी विचारलं, ती म्हणायची, "बरा गेला, निकाल लागला की सांगते." निकाल अजून लागलेला नाही. लागेल तो लागेल.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती कान्हाबरोबर आली. काकांनी कपाट उघडून पुस्तक तिच्या हातात दिलं. मग खडू पुढे केला आणि खूप जुळवाजुळव करून विचारलं, "लिहायचं का? नको असेल तर नको. अजिबात नको."

"मी लिहिते," दामिनी म्हणाली.

तिचं अक्षर काकांसारखं सुंदर नाही. तिने लिहिलं: 'दामिनी आणि आई. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईची कादंबरी.' खडू ठेवून ती निघाली, तेव्हा थांब्यावरून कान्हा ओरडला,

"गो, पान ऱ्हायलं! पान लिव. तुमी दोगी कुठवर आल्या ते मला कसं कळंल?"

ती परत आली आणि तिने माझ्यावर लिहिलं: 'पान ३१२'.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. तुमच्या गावात असा एखादा फळा कुठे धूळ खात पडला असेल, तर त्याला घासूनपुसून माणसं उभी राहतात तिथे टांगा, आणि तुम्ही काय वाचताय ते त्याच्यावर लिहा. पुसाल तेव्हा ओलं फडकं वापरा. कोरड्याने आमच्या अंगावर चरे पडतात. पण दुसऱ्याचं नाव लिहिण्याआधी त्याला विचारा. खडू त्याच्याच हातात दिलात तर सगळ्यात उत्तम. त्याचं अक्षर वाकडं असलं तरी चालेल, मला त्याची सवय आहे.